चारशे बारा मोहिमांची एक शाबासकी

एकच गोष्ट दोनदा लिहिणारा माणूस अडाणी, आणि चारशे बारा वेळा लिहिणारा पगारी, हे सुधारलेल्या जगाचे सत्य आहे. बिश्केकमधल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत गुलबुरा अशी पगारी होती. हरवलेली घोडी शोधा, लांडगा मारा, खिंडीपलीकडे निरोप पोचवा, अशा गेममधल्या चारशे बारा मोहिमा तिच्याकडे. बहुतेकींच्या शेवटी संवाद ‘शाबास, वीरा!’ आणि बक्षीस एक मेंढी, सगळे हाताने भरलेले. (एकोणीस ठिकाणी मेंढीऐवजी चुकून मेंढपाळच बक्षीस मिळत होता. तक्रार कुणीही केली नाही.)

शेवटी तिनेच तोडगा काढला. सामायिक सेटिंग एकदाच लिहायचे. मोहिमेत रकाना रिकामा दिसला की गेमने तो तिथून भरून घ्यायचा. मालक तालायबेक, म्हणजे सगळ्यांचे ‘तालाय बायके’, वयाने मोठ्याला तिकडे दादासारखे बायके म्हणतात, इतके खूश झाले की त्यांनी सुधारणेत सुधारणा केली. ज्याला सात पिढ्यांची नावे येत नाहीत तो गुलाम, असे आपले वाडवडील सांगत. तेव्हा सेटिंगलाही सात पूर्वज हवेत. आता मेंढी आधी वाडीच्या सेटिंगमध्ये शोधली जाई, मग खोऱ्याच्या, आणि अशी चढत चढत सातव्या खापरपणजोबाकडे सापडे. कामाचे तास निम्मे झाले. ते कुठे गेले, हे शोधायला एक समिती नेमण्यात आली.

एका मोहिमेत मात्र गुलबुराने संवाद आणि बक्षीस हे दोन्ही रकाने मुद्दाम रिकामे ठेवले होते. ती मोहीम तिने वडील गेले त्या वर्षी लिहिली. खेळाडूने तिकडच्या शोकाच्या रीतीप्रमाणे मोठ्याने रडत घोड्यावरून तंबूपाशी यायचे. आतली विधवा काही न बोलता चहाची वाटी पुढे करते. बस, एवढेच. त्या विधवेचा रुमाल गुलबुराच्या आईचा होता.

शुक्रवारी ती मोहीम दाखवायला आईला कचेरीत घेऊन आली. विधवेने डोळे पुसले, वाटी दिली आणि म्हणाली, ‘शाबास, वीरा!’ तंबूत एक मेंढी येऊन उभी राहिली.

आईने पडद्यावरची मेंढी नीट पाहून घेतली. मग म्हणाली, “एकच मेंढी? तुझ्या बापाच्या वेळी आलेल्यांच्या जेवणाला आपण घोडी कापली होती गं.”

गुलबुराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती तडक मालकांकडे गेली.

“बायके, ते रकाने मला रिकामे हवेत.”

“रिकामेच तर होते. म्हणून भरले गेले,” तालाय बायके मायेने म्हणाले. “जो गप्प बसतो, त्याच्या वतीने वडीलधारे बोलतात. आपली रीतच आहे ती.”

अपवादाला मात्र वाव होता. बाकी चारशे अकरा मोहिमांचे ना-हरकत पत्र जोडायचे. त्या सगळ्या गुलबुराच्याच असल्याने तिने स्वतःलाच चारशे अकरा पत्रे लिहिली, एकाच मजकुराची, हाताने. विधवा पुन्हा गप्प झाली.

आठवड्यात दोन हजार तीनशे सहा तक्रारी आल्या: बाई बोलत नाही, मेंढी कुठे आहे? कंपनीने ही चूक त्याच दिवशी दुरुस्त केली.

या खेळाडूंना हसू नका. परवा तुमच्या ग्रुपवर कुणाचे तरी वडील गेल्याचे आले, तेव्हा वरच्याची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ तुम्ही तशीच उचलून खाली लावलीत, जोडलेल्या हातांसकट. ती मुळात कुणी लिहिली होती, हे त्या वरच्यालाही ठाऊक नव्हते.