खुशीच्या साक्षगंधात वैभवचा डब्बा

ऑर्केस्ट्राला दहा माणसं लागतात ती बाकीच्यांना, वैभवला एक पाय पुरतो! निदान तळेगावात तरी त्याने तसं जाहीर करून टाकलं होतं. ताल धरायला ड्रम मशीन आणि पायाशी लूपरचा डब्बा. पाय दाबला की माइकने ऐकलेलं टिपायचं आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहायचं. त्यावर दुसरा आवाज चढवायचा, मग तिसरा. आधी ठरवलेलं काही नाही, सुचेल ते!

"म्हंजे तुले काहीच येत नाई," त्याच्या बापाने, बंडूजींनी, सरळ अर्थ लावला. "हे पाह्य, खुशीच्या साक्षगंधात वाजव. कोणी शेवटपर्यंत बसून आयकलं, त डब्बा तुहा. नाई त मी वावरात नेतो, रोही हाकलाले!"

धमकी पोकळ नव्हती. गावात वावरावावरात भोंगे होते. मालकाची आरोळी भरून ठेवली की भोंगा रात्रभर ओरडतो, पिकात घुसलेले रोही, म्हणजे नीलगायी, पळतात आणि मालक घरी घोरतो. आपलं मशीन त्या कामाला? वैभव पेटून उठला. बहिणीच्या साक्षगंधाला अख्खा मांडव बसवून ठेवायचाच!

त्या दिवशी मांडव गच्च भरला. खुशीचे होणारे सासरे, रूपरावजी, पुढच्याच खुर्चीत फेटा सावरत बसले. वैभवने ताल सोडला, डोळे मिटले, पाय दाबला. पोरासोरांपुरता वरण-भात तयार झाला होता, म्हणून नेमक्या त्याच वेळी त्याच्या आईने, गोपिकाबाईंनी, मागून हाक दिली, "पोट्टेहो, जेवाले चला!"

"जेवाले चला! जेवाले चला!" लूप सुरू झाला, तोही तालात! काय ठेका सापडला, म्हणून वैभव खूश. त्याने वर प्रतिध्वनी चढवला. आमंत्रण आता चारही कोपऱ्यांतून येऊ लागलं. पाहुणे उठले. रूपरावजी सगळ्यांच्या पुढे!

"अवो, पोळ्या होऊन राह्यल्या अजून!" गोपिकाबाई धावत माइकपाशी आल्या. "बसा जी, बसा!"

डोळे मिटलेल्या वैभवने तेही टिपलं. झालं! "जेवाले चला!" मांडव उठला. "बसा जी, बसा!" मांडव बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला.

"आमी जेवाले आलो का उठाबशा काढाले?" रूपरावजी गरजले, तेही अर्धे उठलेले असताना.

बंडूजींनी वायरच उपटली. गरम पोळ्या आल्या म्हणून सोयरीक वाचली. वैभवचा डब्बा मात्र वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी सांजेला बंडूजींनी तो हरभऱ्यात नेऊन भोंग्याला जोडला आणि बटण दाबलं. आत कालचंच भरलेलं होतं. असू दे! आवाज झाल्याशी मतलब, रोह्यांना कुठे मराठी येतं?

सकाळी बापलेक वावरात पोचले, तर हरभऱ्याचे नुसते खुंट उरलेले! आणि भोंगा अजून ओरडतच होता, "जेवाले चला! बसा जी, बसा!"

बंडूजींनी कपाळाला हात लावला. "तुह्या मायनं आग्रह करकरून जेवू घातलं त्यायले!"

वैभवचं लक्ष हरभऱ्याकडे नव्हतंच. भोंग्याच्या अवतीभवती माती दबून मोठाले खळगे पडले होते आणि त्यांत ताज्या लेंड्या होत्या. रोही निवांत बसले होते, पहाटेपर्यंत!

त्याने डब्बा उचलला, माती पुसली आणि काखेत मारला.

"आता कुठं नेतं तो?"

"घरी," वैभव म्हणाला. "कोणी शेवटपर्यंत बसून आयकलं त माहा, असं तुमीच म्हणलंतं ना, बाबा!"