नोव्हायच्या श्लिवा फुटबॉल क्लबचा पन्नास वर्षांचा संक्षिप्त इतिहास

कोणतीही संस्था सभासदांच्या जोरावर टिकत नाही, ती घटनेच्या जोरावर टिकते. सभासद भांडतात, म्हातारे होतात, फ्लोरिडाला राहायला जातात. घटना मात्र फाइलमध्ये जिथल्या तिथे असते. मिशिगनमधल्या नोव्हाय गावचा श्लिवा हा सर्बियन फुटबॉल क्लब रविवार लीगच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीत पन्नास वर्षं टिकला तो याच बळावर. (पाचवी श्रेणी काढावी असा विचार लीगने दोनदा केला. दोन्ही वेळा डोळ्यांसमोर श्लिवाच होती.)

क्लबची स्थापना १९७५ साली मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या अकरा सर्बियन गृहस्थांनी केली. बारावा माणूस मिळाला नाही, म्हणून राखीव खेळाडू ही कल्पनाच क्लबने तत्त्व म्हणून नाकारली. श्लिवा म्हणजे आलुबुखार. स्थापनेच्या सभेत आलुबुखाराची दारू होती, आणि सभा संपेपर्यंत नाव सुचण्याजोगं दुसरं काही कुणाला दिसत नव्हतं.

१९७९ साली क्लब फुटला. मेंढा मॅचच्या आधी भाजायचा की नंतर, हा मतभेद होता. नंतरवाल्यांनी 'खरी श्लिवा' काढली. मैदान तेच, लीग तीच आणि गोलकीपरही तोच, कारण द्रागोल्यूब नावाच्या त्या उमद्या गृहस्थाला दोन्ही वेळचा मेंढा चालत असे. आपसातल्या मॅचमध्ये तो अर्धा वेळ इकडे आणि अर्धा वेळ तिकडे उभा राहिला, आणि दोन्ही बाजूंनी मिळून त्याने चौदा गोल खाल्ले. चार वर्षांनी दोन्हीकडे पुरेसे पाय उरले नाहीत, तेव्हा एकी झाली.

शरयू काकूंनी हा भाग पहिल्यांदा ऐकला, तेव्हाच त्यांना या लोकांविषयी आपलेपणा वाटला. त्यांच्या माहितीतली तीन मराठी मंडळं श्रीखंड की बासुंदी यावर फुटली होती.

काकू नोव्हायला आल्या १९८६ साली, यजमानांबरोबर. त्र्यंबकराव ब्रेकचे इंजिनियर होते. त्यांचा उभ्या आयुष्यात फुटबॉलला पाय लागला नाही. पण घरामागच्या मैदानावरच्या क्लबने अकरा वर्षांत एकाही सभेचं इतिवृत्त लिहिलेलं नाही हे कळलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या रविवारी वही घेऊन गेले आणि सचिव झाले. द्रागोल्यूबने आनंदाने त्यांच्या गालांचे तीन मुके घेतले. (ही त्यांची रीत आहे. त्र्यंबकरावांनी इतिवृत्तात 'स्वागत झाले' एवढंच लिहिलं.)

पुढचं सगळं ओघाने झालं. सर्बियन मुलं दंतवैद्य होऊन ॲरिझोनाला गेली. त्यांच्या जागी पुण्या-नागपुराहून मुलं आली, दिवसा कोड लिहायची आणि रविवारी पायात पाय अडकून पडायची. २०१२ पर्यंत संघात अकरा मराठी आणि अध्यक्षपदी एक सर्बियन, असं प्रमाण स्थिरावलं. क्लब सर्बियनच राहिला, कारण घटनेत तसं लिहिलं होतं. मराठी मंडळींनी कामगिरीत ढवळाढवळ केली नाही, हरण्याची परंपरा निष्ठेने चालवली. भर फक्त उपसमित्यांची घातली. आजची आकडेवारी अशी : सामने ९०३, विजय ११२ (पैकी १९ प्रतिस्पर्धी रस्ता चुकल्यामुळे), मोडलेली नाकं ६, जुळलेली लग्नं ३, उपसमित्या १४.

सुवर्णमहोत्सवी वर्षात लीगचं पत्र आलं. चौथ्या श्रेणीत तळाला राहणारा क्लब यंदा बंद होईल आणि त्याच्या मैदानावर नगरपालिका पिकलबॉलची कोर्टं करील. श्लिवाला शेवटच्या मॅचमध्ये एक गुण हवा होता. निदान बरोबरी.

काकूंच्या दृष्टीने प्रश्न फुटबॉलचा नव्हता. त्र्यंबकराव जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षं त्यांचा मुलगा अमित दर शनिवारी टेक्सासहून फोन करत होता.

"आई, शुगर लँडला ये ना. खाली बेडरूम आहे तुझ्यासाठी. बर्फ नाही, काही नाही."

"येईन रे. पण उद्या मॅच आहे."

या एका वाक्यावर काकू सहा वर्षं नोव्हायमध्ये राहिल्या होत्या. रविवारी मैदानाच्या कडेच्या बाकावर त्या त्र्यंबकरावांची वही घेऊन बसत आणि कोण कसा हरला ते लिहीत. क्लब गेला असता, तर शुगर लँडला न जाण्याचं एकही सभ्य कारण त्यांच्याकडे उरलं नसतं. अमितने तिकीट काढूनही ठेवलं होतं. "फक्त होल्ड केलंय," असं तो म्हणाला होता.

शेवटची मॅच दातांच्या डॉक्टरांच्या संघाशी होती. सगळे पाहुणे आयतेच येतील, म्हणून सुवर्णमहोत्सवाचा कार्यक्रम त्याच दिवशी मध्यंतरात ठेवावा, असं उत्सव उपसमितीने एकमताने ठरवलं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. कार्यक्रम पुढीलप्रमाणे : दीपप्रज्वलन, स्वागतगीत (दोन कडवी), अध्यक्षांचं मनोगत, संघाचा सत्कार, क्लबचा इतिहास (शरयू काकू, दोन शब्द), आभारप्रदर्शन. उपसमितीच्या प्रमुख देवयानीने हे सगळं बारा मिनिटांत बसवलं होतं. टाळ्यांना तीन.

मध्यंतर झालं तेव्हा श्लिवा दोन गोलांनी पुढे होती.

असं १९९८ नंतर झालं नव्हतं. कर्णधार सिद्धेश पुन्हा पुन्हा पंचांकडे जाऊन स्कोअर विचारत होता. मग सगळे शिस्तीत मांडवात गेले.

वाऱ्यामुळे समई नऊ वेळा विझली. स्वागतगीताला तिसरं कडवं निघालं. पंच्याऐंशी वर्षांचा अध्यक्ष द्रागोल्यूब सर्बियनमध्ये बोलला आणि १९७९ च्या मेंढ्यापाशी रडला. सत्कारात शाली अकरा आणि नारळ दहा निघाल्यामुळे गोलकीपर अनीशचा नारळ शोधण्यात काही काळ गेला. अठराव्या मिनिटाला पंच मांडवाच्या दारात आल्या. एरवी त्या शाळेत गणित शिकवत.

"सात मिनिटं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पंचविसाव्या मिनिटाला जो संघ मैदानात नसेल, तो हरला. तीन-शून्य."

काकूंच्या हातात बावीस पानं होती. चार महिने लिहिलेली. त्या उठल्या, पानं पिशवीत घातली आणि माइकवर म्हणाल्या, "इतिहास नंतर. मुलांनो, पळा!"

मुलं उठली. तेवढ्यात दिगंबर काकांनी माइक हातात घेतला. आभार त्यांच्याकडे होते.

"एक मिनिट. आभार राहिलेत."

"दिगंबर, अहो मॅच!" काकू म्हणाल्या.

"वहिनी, दोनच मिनिटं. सर्वप्रथम, ज्यांनी आपल्याला ही ताडपत्री उपलब्ध करून दिली..."

मुलं परत बसली. चांगल्या घरची होती, आभार चालू असताना उठायचं नसतं हे त्यांना सांगावं लागलं नाही. विवेक तेवढा हळूच निघाला होता, त्याच्याकडे देवयानीने नुसतं पाहिलं. बाहेर दातांचे डॉक्टर बटाटेवडे संपवून, हात पुसत मैदानाकडे निघाले होते.

"सिद्धेश, ऊठ की रे!" काकू कुजबुजल्या.

"काकू, कसं उठू? माझं नाव यायचंय अजून."

दिगंबर काका ताडपत्रीवरून दोरीवाल्यांकडे वळले होते. त्यांच्या हातात चार पानं होती, पाठपोट.

अशा वेळी माणसाला देव आठवतो. काकूंना इतिवृत्त आठवलं. लीगची सभा, १७ मार्च १९९१, ठराव क्रमांक सहा. त्या वर्षी बर्फात दोन्ही संघ अडकले होते आणि लीगने ठराव केला होता की, दोन्ही संघ गैरहजर असल्यास सामना बरोबरीत सुटला असं समजावं, प्रत्येकी एक गुण. त्याचा मसुदा त्र्यंबकरावांनी सांगितला आणि काकूंनी टाइप केला होता. रद्द झाल्याची नोंद पुढे कुठेही नव्हती.

आपल्या मुलांना मांडवाबाहेर काढणं मनुष्याच्या हातात नव्हतं. राहिला एकच उपाय. काकूंनी दिगंबरच्या हातातून माइक ओढला.

"आभारांच्या आधी," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्या पाहुण्या संघाचा सत्कार. सर्वांनी कृपया आत यावं."

मैदानात चार पावलं टाकलेले डॉक्टर थबकले.

"फॉर अस?" त्यांचा कर्णधार म्हणाला.

"तुमच्यासाठीच. ये बाळा, बस."

अकराच्या अकरा आत आले. आयुष्यभर लोक ज्यांच्यापुढे फक्त घाबरून बसले, त्यांना कुणी सत्काराला बोलावलं नव्हतं. शाली नव्हत्या, म्हणून काकूंनी आपल्याच मुलांच्या खांद्यांवरच्या काढून घेतल्या. प्रत्येकाला नाव विचारलं, गाव विचारलं, आई कशी आहे विचारलं. देवयानीने चहा आणवला. दिगंबर काकांनी यादीत अकरा नावं वाढवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पंचविसाव्या मिनिटाला पंचांनी रिकाम्या मैदानात शिट्टी वाजवली. मग नियमांचं पुस्तक उघडलं. ठराव सहा तिथेच होता.

सामना बरोबरीत सुटला. डॉक्टरांची तक्रार नव्हती. शाली पांघरून ते आभार संपेपर्यंत, म्हणजे आणखी पन्नास मिनिटं, बसले, आणि जाताना दोघांनी फुकट रूट कॅनॉल कबूल केलं. द्रागोल्यूबने काकूंना मुके घ्यायला हात पसरले. काकूंनी नमस्कार केला, मग क्षणभर विचार करून एक गाल पुढे केला. (इतिवृत्तात 'स्वागत झाले'.)

संध्याकाळी अमितचा फोन आला. "मग तिकीट कॅन्सल करू?"

"कर. पुढच्या सीझनची तयारी आहे."

लीगला हा निकाल झोंबला. पुढच्याच सभेत तिने नवा नियम केला : ज्या क्लबचे शंभर सभासद नाहीत, तो बंद. श्लिवाचे सदतीस होते, त्यांतले चार ॲरिझोनात आणि दोन वर. देवयानीने फेसबुकवर आवाहन केलं. त्याला नव्वद लोकांनी अंगठा दाखवला आणि एकानेही फॉर्म भरला नाही.

काकूंनी मग घटना काढली. मूळ सर्बियन, सोबत त्र्यंबकरावांचं मराठी भाषांतर. कलम तेवीस संस्थापकांनी पहिल्याच वर्षी घातलं होतं, कारण द्रागोल्यूबचं क्लबच्या इतिहासावरचं भाषण पुरतं ऐकेल असा माणूस त्यांना कुठेही सापडत नव्हता : 'जो कोणी क्लबचा इतिहास मध्येच न उठता शेवटपर्यंत ऐकेल किंवा वाचेल, तो त्या क्षणापासून क्लबचा आजीव सभासद होय. त्याची संमती आवश्यक नाही.'

काकूंनी बावीस पानांची चार केली आणि छापायला पाठवली. ती आपण आत्ता वाचून संपवली. आपला सभासद क्रमांक अडतिसावा किंवा त्यापुढचा आहे. राजीनामा फक्त वार्षिक सभेत, नोव्हायला समक्ष येऊन देता येतो, आणि तोही आभारप्रदर्शन झाल्यावर. यंदा ते आपल्याकडे दिलं आहे.