भोकाचा पैसा आणि तीन मशीनं

भिवंडीतल्या समस्त नारपोलीकर नागरिकांना आणि त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते, की आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात शुक्रवारी दुपारी पाऊल टाकण्यापूर्वी खिशातल्या किल्ल्या, कमरेचा पट्टा आणि सुटी नाणी घरी काढून ठेवावीत. न ठेवल्यास तुमच्यावर भगत ओरडेल. त्यानंतरच्या घबराटीला इमारत जबाबदार नाही.

हा भगत म्हणजे अंगात येणारा माणूस नव्हे. हे जमिनीत पुरलेला धातू शोधणारं मशीन आहे. त्याचे मालक आमच्या तळमजल्यावरचे काशिनाथकाका. वय बहात्तर, अंगात लेंगा-बंडी, डोक्याला टॉवेल आणि कानांवर आमटीच्या वाट्यांएवढे हेडफोन, तरी मशीनचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू जातो. मूळचे जवळच्याच वडपे गावचे. त्यांच्या भातशेतीवर आता गोदामं उभी आहेत. शेवटचा एक तुकडा तेवढा मोकळा होता.

काकांकडे अशी तीन मशीनं होती आणि तिघांना त्यांनी गावातली पदं वाटली होती. पहिला सरपंच. बाटलीचं बूच दिसलं तरी भाषण ठोकायचा, पण अर्ध्या फुटाखाली काय आहे विचारलं की मौन. दुसरा हवालदार. लोखंड सोडून द्यायचा, तांबं बरोबर पकडायचा. मात्र वस्तू फूटभर खाली गेली की ती त्याच्या हद्दीत येत नसे. तिसरा भगत. परातीएवढी चकती, रडका गळा. दीड फुटावरचं नाणं फक्त त्यालाच कळायचं. पण ते तांबं की लोखंड, हे सांगायची त्याची तयारी नसे. खाली काहीतरी आहे, एवढंच तो सांगायचा.

तिघांची परीक्षा शुक्रवारी व्हायची, कारण शुक्रवारी यंत्रमाग, म्हणजे आमचे लूम, बंद. इतर दिवशी आसपासच्या लूमच्या मोटारींमुळे मशीनं तापातल्या माणसासारखी बरळतात. आम्हाला खडखडाटाची एवढी सवय, की शुक्रवारची ती शांतता अंगावर येते. भिंतींनी श्वास रोखून धरलाय असं वाटतं. आणि त्या शांततेत मागच्या अंगणातून एक बारीक, ओलसर, रडका आवाज यायचा. झोपेतून अर्धवट जागं झालेल्या तान्ह्या मुलासारखा. भर दुपारी. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने तर बाळंतपणाला माहेरी जायचा मुहूर्त महिनाभर अलीकडे ओढला.

परीक्षेची रीत कडक होती. काका एक नाणं पुरायचे, कधी अर्धा फूट, कधी फूट, कधी दीड फूट. वर खूण ठेवायची नाही. "खूण ठेवली का मानूस शोधतो, मशीन न्हाय." मग तिघांना फिरवून भिंतीवर खडूने गुण. नाणं मात्र नेहमी एकच, जुना तांब्याचा भोकाचा पैसा. मी एकदा कौतुकाने दहाचं नाणं पुढे केलं.

"ते तुमच्याकडंच ठेवा, मास्तर. मला ते शोधायचंच न्हाय."

आता भोकाच्या पैशाची भिवंडीत एक पंचाईत आहे. इथल्या मातीत लूमचे वायसर, म्हणजे मधे भोक असलेल्या लोखंडी चकत्या, ज्वारीसारखे पेरलेले आहेत आणि भगताला वायसर नि भोकाचा पैसा एकसारखेच. काका दर शुक्रवारी ओंजळभर वायसर उकरायचे. एकही फेकायचे नाहीत. टॉवेलने पुसायचे, डोळ्यापाशी धरून भोकातून आरपार बघायचे आणि हळूच डब्यात ठेवायचे. मी विचारलं, "भोकातून काय दिसतं, काका?"

"वायसरातनं? कायबी न्हाय."

एकदा मी अंगणात गप्पा मारत उभा असताना ते एकाएकी थांबले. हेडफोन दाबून पुटपुटले, "हलू नका. तुमच्या पायाखाली हाय." काकांनी पायांच्या मधोमध उकरलं, तर निघाला दाराचा कडीकोयंडा. मी हसलो, पण त्या रात्री झोपताना पाय पोटाशी घेतले, हे लपवण्यात अर्थ नाही. काका मात्र म्हणाले, "जमीन खोटं बोलत न्हाय, मास्तर. मशीन बोलतं." हे त्यांचं घोषवाक्य. दिवसातून दहादा.

दुसरं घोषवाक्य हिराकाकींसाठी राखीव होतं. काकी कमी बोलायच्या. शुक्रवारी काळी छत्री उघडून अंगणाच्या कडेला उभ्या राहायच्या. छत्रीच्या काड्या लोखंडी. त्या दोन पावलं जवळ आल्या की भगत किंचाळायचा आणि काका त्याहून मोठ्याने: "छत्री लांब धर गो!" काकी निमूट मागे सरायच्या. अख्ख्या इमारतीला हे नाटक पाठ होतं. म्हाताऱ्याला कुठल्या तरी हंड्याचा सुगावा लागलाय, तो बायकोलाही सांगत नाही, असं आमचं एकमताने ठरलं होतं.

मग एका शुक्रवारी काकांनी माझं दार वाजवलं. "मास्तर, उद्या वडप्याच्या तुकड्यावर काँक्रीट पडतंय. आजच बघायचं. चला."

रिक्षात मी, काका, मांडीवर भगत. मागच्या रिक्षात छत्रीसह काकी. तुकड्यावर दोन फूट मुरूम पसरला होता. जेसीबीने एक कोपरा खरवडून दिला. ड्रायव्हर हसला, "चाचा, हंडा निकला तो हमको भूलना मत!" पुढे दोन मजूर फावड्याने वीतभर माती काढायचे आणि काका भगत फिरवायचे. वायसर. पुन्हा वीतभर. खिळा. पुन्हा वीतभर. हायवे थोड्याच अंतरावर होता, तरी त्या खड्ड्यापाशी जेसीबीची घरघर सोडून काही ऐकू येत नव्हतं. वारा पडला होता. ऊन डोक्यावर आलं होतं. लांब, सळयांच्या ढिगाऱ्याशेजारी, काळी छत्री हलत नव्हती.

"काका," मी म्हणालो, "आता तरी सांगा. काय आहे खाली?"

ते खड्ड्यात बघत राहिले. "माझी लेक. बारसं होऊन म्हैना झालावता. तापानं गेली. मी आन् बापानं हितं ठेवली, सागाच्या बुंध्याशी. हिनं तिच्या करगोट्यात भोकाचा पैसा ओवलावता, तो तसाच ऱ्हायला. बाप बोलला, आईला जागा दाखवायची न्हाय, न्हायतर ती उठायची न्हाय तिथनं. न्हाय दाखवली. आता साग न्हाय, बांध न्हाय. उद्या वर कंटेनर फिरतील. झोपंल कशी ती? मूठभर माती नि तो पैसा गावला, तर घरी नेईन."

मला अंगणातले ते सगळे शुक्रवार आठवले. छत्रीच्या काड्या हे निमित्त होतं. काकींना जागेपासून लांब ठेवायची त्यांना सवयच लागली होती.

तेवढ्यात भगत बोलला. अगदी हळू. तोच रडका, ओला आवाज. जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं. काकांनी मशीन काठावर ठेवलं, खड्ड्यात उतरून गुडघे टेकले आणि बोटांनी माती बाजूला केली. एक हिरवी पडलेली तांब्याची चकती निघाली, मधोमध भोक. त्यांनी ती पुसली, डोळ्यापाशी धरली आणि भोकातून आरपार बघितलं. बराच वेळ.

मागे पावलं वाजली. काकी येत होत्या, चपला मुरुमात तशाच टाकून. त्या जवळ आल्या तसा काठावरचा भगत किंचाळू लागला, कर्कश, न थांबता. कुणीही तो बंद केला नाही. काका सवयीने ओरडले, "छत्री लांब धर गो!"

काकी थांबल्या नाहीत. काठाशी वाकून त्यांनी छत्री काकांच्या डोक्यावरून पुढे नेली, खड्ड्यातल्या उघड्या मातीवर धरली आणि मोठ्याने म्हणाल्या, "अवो, ऱ्हाऊ द्या छत्री! ऊन लागतंय तिला!"