गुडघाभर गवत, एक नग

जमीन निसर्गाने केली हे खरं. पण ती मोकळी आहे की नाही, हे ठरवण्याचं काम त्याने दूरदृष्टीने सरकारकडे सोपवलं आहे. नाहीतर कोणीही उठेल, डोळ्यांनी बघेल आणि ठरवून टाकेल.

आमच्या वसाहतीमागे केंद्र सरकारची दोन एकर जमीन आहे. तिथे एका खात्याचं गोदाम होतं. ते पडलं, त्यालाही बरीच वर्षं झाली (कागदावर ते अजून भक्कम आहे). त्या जागेवर रोज सकाळी एक निवृत्त परिचारिका पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना सायकल शिकवायच्या. फी नाही, पावती नाही, उद्घाटनसुद्धा नाही. असा बेशिस्त उपक्रम किती टिकणार? अकरा वर्षं टिकला. शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थिनी त्रेसष्ट, मोडलेली हाडं दोन (पैकी एक बघणाऱ्याचं). चौसष्टावी विद्यार्थिनी त्यांची नणंद. तिला सायकल चालवता यायची, थांबवता यायची नाही.

अशात सरकारने जाहीर केलं की, केंद्राच्या पडीक जमिनी लोकांच्या वापरासाठी नगरपालिकेला मिळतील. वसाहतीने अर्ज करावा. उद्या कोणी हाकलायला नको, म्हणून परिचारिकाबाईंनी अर्ज भरला. ‘सध्याचा वापर’ या रकान्यात त्यांनी खरं ते लिहिलं. चौतीस वर्षं ताप जेवढा असेल तेवढाच लिहायची सवय. ती अशी नडते.

पंधरा दिवसांत अतिक्रमणाची नोटीस आली. बाई कार्यालयात गेल्या.

“ताई,” मोठे कारकून समजुतीने म्हणाले, “जागा वापरात नसेल तरच लोकांच्या वापराला देता येते. तुम्ही तर वापरताय.”

“लोकच वापरताहेत ना पण.”

“तेच म्हणतोय मी. मग आम्ही द्यायचं काय?”

या प्रश्नाला उत्तर नाही. मी बरेच दिवस शोधलं.

“दोन वर्षं तिकडे कोणी फिरकू नका,” कारकून म्हणाले. “गवत गुडघ्याला लागलं की कळवा.”

वसाहतीने ताबडतोब वापर-न-करणे समिती नेमली. तिच्या बैठका मैदानाकडे पाठ करून होत. अडचण एकच आली. अकरा वर्षं चाकांनी चेपलेल्या पट्ट्यावर गवत उगवेना. पाणी घालायला आत जावं तर तोही वापरच. शेवटी भिंतीवरून नळी सोडून, पाळ्या लावून, वसाहतीने ती जागा पडीक करून दाखवली.

“वहिनी, तोवर मी थांबायचं विसरेन हो,” नणंद म्हणाली.

“वन्सं, तुम्हाला येत कुठे होतं?”

दोन वर्षांनी पाहणी अधिकारी आले. ते उंच निघाले. गुडघा त्यांचाच धरायचा असल्यामुळे आणखी सहा महिने गेले.

अखेर जमीन नगरपालिकेला मिळाली. भाषणं झाली. हस्तांतराच्या यादीत तीन बाबी होत्या: जमीन, दोन एकर; गोदाम, एक; गवत, गुडघाभर, एक नग. खाली केंद्राची अट: मिळालेली मालमत्ता आहे त्या स्थितीत जपावी. नगरपालिका अटी पाळणारी. तिने कुंपण घातलं, कुलूप लावलं आणि पाटी रंगवली: ‘लोकांच्या वापरासाठी. आत येऊ नये.’ परिचारिकाबाईंनी सकाळचा एक तास मागितला. सायकलने गवत दबेल, असं लेखी उत्तर आलं. वार्षिक अहवालात मैदानाचं नुकसान शून्य, तक्रारी शून्य. सायकलींच्या अकरा वर्षांत हे एकदाही जमलं नव्हतं.

आता नणंद साठ वर्षांची आहे. थांबण्याचा धडा रहदारीच्या रस्त्यावर देता येत नाही, एवढं वैद्यकीय ज्ञान परिचारिकाबाईंना आहे. म्हणून त्या हल्ली सायकल हातात धरून, नणंदेला बरोबर घेऊन, दारोदार मोकळी जागा विचारत फिरतात.

परवा त्या तुमच्या इमारतीतही येऊन गेल्या. तुमच्या मागच्या अंगणात सकाळी कोणी नसतं. गाड्यासुद्धा पुढे लागतात. दार तुम्हीच उघडलंत. दोघींना पाणी दिलंत, आपुलकीने सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “आमची काही हरकत नाही हो. फक्त एक अर्ज देऊन ठेवा.”