भिकाजीने बुजवलेलं ठिबक

अख्ख्या सुपा पेट्यात, सगळ्या गावांत मिळून, नळाने गॅस खेळवलेलं घर एकच आणि ते आपलं, हे भिकाजी येईल त्याला सांगायचा. न येईल त्याला रस्त्यात गाठून सांगायचा! लाकडाच्या धंद्यात बरकत आली, तशी त्याने परसात कार्बाइडवर पाणी सोडून गॅस करायची टाकी बसवली आणि तिथून सोप्यापर्यंत लोखंडी नळ आणला. काडी ओढली की सोपा लख्ख! आता त्याच उजेडात खानापूरचे बाबुराव आपल्या मुलासाठी त्याच्या लेकीला, अनुसयाला, बघायला येणार होते. एवढं तालेवार स्थळ पुन्हा कुठून येणार?

फक्त एक गोष्ट त्याला खुपत होती. सोप्यातच भिंतीच्या बुडाशी नळाला वाकडं नळकांडं होतं आणि त्यातून पाणी ठिबकायचं. टाकी बसवणाऱ्या बेळगावच्या अर्जुन मिस्त्रीने बजावलं होतं, "गॅस ओला असतोय, शेठ. नळात गार झाला की पाणी सुटतंय, उतारानं हितं येतंय. वाकणात थोडं पाणी ऱ्हातंय, म्हणून गॅस भाईर पडत न्हाई. जादाचं गळून जातंय. गळू दे त्येला!"

पण भिकाजी वाढला भाताच्या खाचरात. बांधातून पाणी झिरपताना दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. आणि व्याह्यांसमोर गळकं घर? छे! पाहुण्यांचा निरोप येताच त्याने खाचरातली चिकणमाती मळली आणि नळकांड्याच्या तोंडात गच्च ठासली.

"बघ, एक थेंब न्हाई!" त्याने बायकोला ऐटीत दाखवलं.

"अवो, मिस्त्री काय म्हणाला व्हता?" पार्वती म्हणाली.

"मिस्त्रीला बांध घालता येतोय व्हय?"

पाहुणे आले. दिवेलागणीला भिकाजीने बत्त्या पेटवल्या आणि बाबुराव आ वासून बघतच राहिले. भिकाजीची छाती सदऱ्यात मावेना! इतक्यात नळात कुणीतरी गुळण्या केल्यासारखा आवाज आला. ज्योती खाली बसल्या, उसळल्या, पुन्हा बसल्या.

"हे काय वो?" बाबुरावांनी विचारलं.

"तुमास्नी नमस्कार करत्यात!"

नमस्कार करून ज्योती गेल्या त्या गेल्याच! मिट्ट काळोख. पोह्यांचं ताट घेऊन आलेली अनुसया दारातच थांबली.

"आप्पा, आधी बत्त्यांच्या चाव्या बंद करा! गॅस सुटल. आन् कंदील भाईरच ठेवा." ती चाचपडत भिंतीपाशी गेली. "नळात पाणी तुंबलंय. जाणार कुठनं? तोंड तुमीच बुजवलंय!"

तिने अंबाड्यातला आकडा काढून माती उकरली. भस्सकन पाणी सुटलं! बाबुरावांनी पगडी नेमकी तिथेच उतरवून ठेवली होती.

पाण्याचा जोर ओसरून ठिबक सुरू झालं, तशी अनुसयाने चावी फिरवून काडी ओढली. सोपा पुन्हा लख्ख! भिकाजीचा ऊर भरून आला. पोर आपली आहे, आपली!

बाबुरावांनी पगडी पिळली. भिकाजीचा जीव टांगणीला लागला.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "अट एकच."

"बोला की! मांडवभर गॅसबत्त्या लावतो!"

"लगीन भर दुपारी लावायचं!"