सहावं घर

अबू मिशालने टॉवेलची गुंडाळी वर्कशॉपच्या टेबलावर ठेवली तेव्हा फकरुद्दीनला वाटलं, नेहमीसारखा एखादा बिघडलेला पाण्याचा पंप असेल. गुंडाळी उलगडली तर आत रिव्हॉल्व्हर. जुन्या काळचं, काळी दारू ठासून उडवायचं, लांब नळीचं. गंज असा चढलेला, की विहिरीतून काढलंय की जमिनीतून, ते सांगता आलं नसतं.

"माझ्या आजोबांचं आहे," अबू मिशाल म्हणाला. "गुरुवारी मजलिसमध्ये पाहुणे येणार. भिंतीवर लावायचंय. चकचकीत करून दे."

"शेख, मी पंपवाला माणूस."

"पंपाला नळी असते, यालाही नळीच आहे. कागद माझ्या नावावर आहेत, घाबरू नकोस. यल्ला, लाग कामाला." आणि तो उंट बघायला वाळवंटात निघून गेला. तिकडे गेला की त्याचा फोन लागत नसे.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचं गाव सोडून फकरुद्दीन चोवीस वर्षांपूर्वी रियाधला आला आणि अल सुलैच्या या गाळ्यात चिकटला तो चिकटलाच. अबू मिशाल त्याचा कफील. ज्याच्या सहीने इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे सरकतो त्याला नाही कसं म्हणायचं, हे या चोवीस वर्षांत त्याला जमलं नव्हतं. त्याने निमूटपणे ब्रश घेतला.

तासाभराने शेजारच्या गाळ्यातला पठाण दारात आला. गल्लीत तपासणीवाले आलेत, सगळी कपाटं उघडायला लावतायत, एवढं सांगून तो पुढे पळाला. फकरुद्दीनने रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळलं, जेवणाच्या पिशवीत कोंबलं आणि मागच्या दाराने गाडी काढली. कागद कफीलच्या नावावर, कफील वाळवंटात, आणि हत्यार आपल्या डब्याशेजारी. वाटेत पोलिसांचा नाका लागला. इकामा बघताना शिपायाने पिशवीकडे मान उडवली.

"काय आहे?"

"मासे," फकरुद्दीन म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. शिपायाने नाक मुरडून जा म्हटलं.

घरी बायकोने, साबिराने, गुंडाळी पाहिली आणि ओढणीचं टोक तोंडावर धरलं. "ह्ये घरात कशाला आणलात?"

"तपासणी हाय तिकडं. गुरुवारपर्यंत काढायचेत दिवस. तुझा तो मोठा टोप दे."

"बिर्याणीचा टोप देणार नाय मी."

टोप मिळाला. फकरुद्दीन हत्यारांतला नसला तरी लोखंडातला होता. नळी अडकवून ठेवणारी पाचर जाम झालेली. ती त्याने लाकडी ठोकळा लावून हळूहळू ठोकत बाहेर काढली. मग नळी वेगळी झाली आणि गोळ्या भरायच्या सहा घरांचं जाडजूड चक्र हातात आलं. प्रत्येक घराच्या मागे एक बारीक बोंडी होती, तीही गंजून बसलेली. घरांची तोंडं जुन्या चरबीच्या काळ्या राबडीने भरलेली. कडकडीत साबणाच्या पाण्यात सगळं तासभर उकळलं, ब्रशने घासलं. लोखंडाचा मूळ रंग दिसू लागला तसा तो खुलला. ओलं राहिलं तर पुन्हा गंजेल, आणि गरम झालं तर बोंड्याही सैल होतील, म्हणून चक्र त्याने ओव्हनमध्ये ठेवलं आणि हात पुसत चहा मागितला.

त्यांची मुलगी मेहेक अकरावीत होती. परीक्षेच्या सुट्टीत घरी होती आणि मघापासून मोबाइलवर अशा जुन्या रिव्हॉल्व्हरची सफाई कशी करतात ते शोधत होती.

"अब्बा, फर्स्ट स्टेप किया था ना?"

"कुठली?"

"इसमें लिखा है, पहले चेक करो कि लोडेड तो नहीं है."

फकरुद्दीनचा कप ओठांशी थांबला. ब्रश पाच घरांत तळापर्यंत गेला होता. सहाव्यात अर्ध्यावरच अडला होता. त्याला वाटलं होतं, मळ असेल.

तो उठला, ओव्हनचं बटण बंद केलं आणि दार न उघडता मागे सरला.

"काय झाला?" साबिराने विचारलं.

"आत दारू हाय."

साबिराने ओव्हनकडे बोट केलं. "आपल्या घरात? ओव्हनमधी? तुम्ही कधीपासून..."

"ती दारू नाय गो. बंदुकीची. एका घरात गोळी भरलेली हाय."

ही दारू त्या दारूपेक्षा बरी की वाईट, हे साबिराला चटकन ठरवता आलं नाही. ती मेहेकचा हात धरून बाहेरच्या खोलीत आली. ओव्हन उघडावा की नको यावर नवराबायको कुजबुजत होती. उघडला तर धक्का लागेल असं याचं म्हणणं, नाही उघडला तर आतली ऊब वाढेल असं तिचं. बंद ओव्हनची ऊब वाढत नाही हे दोघांनाही माहीत होतं, पण खात्री कोणालाच नव्हती. तेवढ्यात बेल वाजली.

दारात पोलिसाचा गणवेश उभा होता. आतला माणूस तिशीतला, उंच, नीट कोरलेल्या दाढीचा.

"फकरुद्दीन?"

"हो."

"आत येऊ?"

तो आत येऊन बसला, तो नेमका स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीवर. भिंतीच्या पलीकडे ओव्हन. पोलीस घरात आला हे संकट होतंच. तो घरात मेला तर ते फार मोठं होणार होतं.

"तिथं नको बसू, भाई. एसीचा वारा लागतो."

"मला आवडतो."

"ती खुर्ची मोडकी आहे."

पोलिसाने खुर्ची हलवून पाहिली. धड होती. तरी तो उठून सोफ्यावर गेला आणि आता त्याची नजर बारीक झाली. "तुझ्याकडे आज कोणी काही ठेवायला दिलंय?"

"नाही."

"टॉवेलात गुंडाळलेलं?"

"आमच्याकडे टॉवेलच नाहीत," फकरुद्दीन म्हणाला. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता.

"वास कसला येतोय?"

"नानखटाई," साबिरा आतल्या दारातून म्हणाली. "ओव्हनमधी हाय." फकरुद्दीनने ते अरबीत सांगितलं.

"वा. मग खाऊनच जातो." पोलीस उठला आणि स्वयंपाकघराकडे वळला. फकरुद्दीन दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहिला. कोणा पोलिसाची वाट अडवण्याची त्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. तो हलला नाही.

"बाजूला हो."

"नाही होणार. मला घेऊन चल, पण आत जाऊ नको. आत दारू आहे."

अरबीतही त्याने नेमका पिण्याच्या दारूचा शब्द वापरला. पोलिसाचा चेहरा पार बदलला. मग मागून मेहेकने स्वच्छ शाळेतल्या अरबीत सगळा खुलासा केला: शेखचं रिव्हॉल्व्हर, तपासणी, टोप, सहावं घर.

पोलीस ऐकत राहिला आणि दारापासून चार पावलं मागे आला.

"मी अबू मिशालचा पुतण्या," तो म्हणाला. "काकांनी जाताना फोन केला होता. ड्यूटी संपली की फकरुद्दीनकडून ते रिव्हॉल्व्हर ताब्यात घे, परक्या माणसाकडे राहू देऊ नकोस. गाळ्यावर गेलो तर तू पळालेला. शेजारच्या पठाणाने घर सांगितलं." त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "किती गरम आहे ते?"

"चहा उकळून कपात येईपर्यंत ओव्हन चालू होता."

मग ते चौघं सोफ्याच्या मागे जमिनीवर बसले. पुतण्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. असा पाऊण तास गेला. एकदा फ्रिज घरघरला तेव्हा सगळ्यांनी मिळून डोकी खाली घातली. मध्येच साबिराने पुतण्याला पाणी दिलं, आणि लग्न झालंय का, असं मेहेककडून विचारून घेतलं. नाही झालं, म्हणाला, आणि मागे विधवा राहणार नाही, हे आज बरं वाटतंय.

शेवटी फकरुद्दीनने एकट्याने जाऊन ओव्हन उघडला. चक्र कोमट होतं. चिमट्याने उचलून त्याने ते पाण्याच्या बादलीत सोडलं आणि मगच श्वास सोडला. दोन दिवस पुतण्याच्या देखरेखीत चक्र आधी पाण्यात आणि मग तेलात मुरलं. बुधवारी बोंडी सुटली. मागून काडी खुपसली तशी काळी लापशी बाहेर आली, आणि तिच्यापुढे ढकलली जात एक शिशाची गोळी.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी, असरची नमाज झाल्यावर, फकरुद्दीन आणि पुतण्या मजलिसमध्ये पोचले. रिव्हॉल्व्हर पाहून अबू मिशालने फकरुद्दीनचा खांदा थोपटला. मग फकरुद्दीनने प्रामाणिकपणे खिशातून गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "सहाव्या घरात होती, शेख."

अबू मिशालचा हात तसाच उघडा राहिला. पुतण्याने फकरुद्दीनला बाजूला ओढलं. "काका गेली चाळीस वर्षं एक गोष्ट सांगतात," तो पुटपुटला. "त्यांच्या आजोबांनी एका पहाटे कळपावर आलेले सहा लांडगे सहा गोळ्यांत पाडले. त्यानंतर ते हत्यार पुन्हा कधी भरलं नाही. आजचे पाहुणे तेच ऐकायला येतायत."

फकरुद्दीनला आपला इकामा डोळ्यांसमोर फाटताना दिसला.

"कोणी कोणी पाहिली?" अबू मिशालने विचारलं.

"मी, बायको, मुलगी. आणि हा."

अबू मिशालने गोळी मुठीत मिटली. पाहुणे येऊ लागले. गालिच्यावर वीसेक माणसं टेकली, कहवा फिरला. फकरुद्दीनने हळूच दाराकडे सरकायला सुरुवात केली, तर शेखने त्याला बोट दाखवून खाली बसवलं. मग रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन गोष्ट सुरू झाली. थंडी, अंधार, मेंढ्यांचा कालवा. एक लांडगा पडला. दुसरा पडला. पाचवा पडला.

"आणि सहावी मादी होती," अबू मिशाल म्हणाला.

ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण मादी कोणी ऐकली नव्हती.

"तिच्या मागे तीन पिल्लं होती. आजोबांचं बोट चापावर होतं. ते त्यांनी काढून घेतलं. लोकांना दयेचं कौतुक नसतं, म्हणून त्यांनी सहा सांगितले. आम्हीही सहाच सांगत आलो." त्याने मूठ उघडली. "ही ती सहावी गोळी. आज इतक्या वर्षांनी सापडली."

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने डोळे टिपले. गोळी हातोहात फिरली. फिरत फिरत ती त्या म्हाताऱ्याकडे आली, आणि अबू मिशालने फकरुद्दीनकडे हात केला. "या माणसाने स्वतः काढली. विचारा त्याला."

वीस चेहरे वळले. पुतण्या छताकडे बघू लागला.

"खरं आहे का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गोळी मीच काढली," फकरुद्दीन म्हणाला. मासे आणि टॉवेल सोडले, तर आयुष्यभर त्याने कोणापुढे खोटी साक्ष दिली नव्हती.

"आणि ती मादी?"

फकरुद्दीनने कफीलकडे पाहिलं. कफील त्याच्याचकडे पाहत होता.

"ती निघून गेली होती," तो म्हणाला. "मी उघडलं तेव्हा आत फक्त गोळी होती."