मागून येतोय

अनंत टेंभेकरांना ते दोन शब्द बोलायची काहीच गरज नव्हती. लेकीसाठी, म्हणजे शाल्मलीसाठी, यवतमाळचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील देवराव फोनवर म्हणाले, "आमच्या अभिषेकला सायकलीचा फार नाद आहे हो." त्यावर काहीतरी बोलायचं म्हणून अनंतराव म्हणाले, "मलाही आहे."

नाद म्हणजे काय, तर पांढरकवड्याच्या कचेरीतले हे अव्वल कारकून रोज सकाळी सायकलनं दूध आणायला जात. (जाताना बसून. येताना दूध सांडू नये म्हणून सायकल हातात धरून, पायी.)

रविवारी पाहुण्यांची गाडी दारात थांबली तेव्हा तिच्या मागे दोन सायकली बांधलेल्या होत्या. टायर ट्रॅक्टरच्या नात्यातले वाटत होते. देवरावांपाठोपाठ अभिषेक उतरला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "काका, पोहे होईस्तोवर एक चक्कर मारून येऊ. तुमच्यासाठी पण आणली आहे."

अनंतरावांनी बायकोकडे पाहिलं. कुंदाताई हळूच म्हणाल्या, "पोरीला फोटोतच पसंत पडलाय. आता काहून थांबले? जा ना."

"बाबांना नाही जमायचं," शाल्मली म्हणाली. मग तर जाणं भागच होतं.

चक्कर म्हणजे बसस्टँडपर्यंत, अशी त्यांची कल्पना. अभिषेकनं गाडी गावाबाहेर काढली ती थेट टेकडीच्या माथ्यावर नेऊन उभी केली. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. (त्यांनी ते आधी स्वतःच चढवलं होतं, उलटं.)

"रस्ता कुठं आहे?" अनंतरावांनी विचारलं.

"हा काय."

समोर दगडगोट्यांची एक घळ होती. तिच्या तोंडाशी एक बकरी उतरावं की नाही याचा विचार करत उभी होती. तिनं विचार बदलला.

"गुरांची वाट आहे काका. एकदम मस्त ट्रेल. तुम्ही व्हा पुढे, मोठ्यांच्या पुढे मी कसा जाऊ? मी मागून येतोच. फक्त उतारावर सीटवर बसायचं नाही, आणि मागचा ब्रेक..."

मागच्या ब्रेकचं काय, ते अनंतरावांना कळलं नाही. सायकल निघाली होती.

नंतरचं त्यांना तुटक तुटक आठवतं. एक बाभूळ अंगावर आली आणि गेली. पोटातला चहा कानापर्यंत चढला. हाताला लागेल ते त्यांनी जिवाच्या आकांतानं दाबलं, तर ते गियर होते. सायकल आणखी खूश झाली. शेताचा धुरा, म्हणजे उंच बांध, आला तेव्हा क्षणभर खाली जमीनच नव्हती. टेकडीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत कोणीतरी सलग ओरडत होतं. ते आपणच, हे त्यांना शेवटी शेवटी समजलं, आणि मग तोंडात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, गेल्यामुळे ते थांबलं.

पायथ्याला बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथल्या रामसिंगच्या घरामागच्या कुटाराच्या ढिगात अनंतराव डोक्याकडून कमरेपर्यंत रुतले होते. शेजारी तूर पाखडत बसलेल्या त्याच्या बायकोनं, चंदाबाईनं, त्यांना पायाला धरून ओढून काढलं. या टेकडीवर वाघ फिरतो अशी खबर होती. तांड्यात कोणी त्याचं नाव तोंडानं घेत नव्हतं, आणि त्यात वरून असा ओरडत आलेला माणूस.

"मांगं हाय का थो?" तिनं विचारलं.

अनंतरावांचे डोळे पांढरे झाले होते. डोक्यात एकच वाक्य शिल्लक होतं. "मागून येतोय."

रामसिंग काठी घेऊन धावत आला. "कोनत्या वाटेनं?"

"याच."

"मोठा हाय?"

"चांगला उंचापुरा आहे."

"एकलाच हाय का जोडीनं?"

"सध्या एकटाच आहे," अनंतराव म्हणाले. "जोडीचंच बघतोय आम्ही."

चंदाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "तुमी जवळून पाह्यला त्याले?"

"आजच पाहिला. घरी आला होता. आमच्या मुलीला पसंत आहे."

रामसिंगनं बायकोकडे पाहिलं. "भेवानं डोक्सं फिरलं यायचं," तो म्हणाला आणि तांड्याला हाक घातली.

पोरं घरात कोंडली गेली, थाळ्या वाजू लागल्या, गडीमाणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन वाटेवर रांगेत उभी राहिली. (इथं जावयाचं स्वागत असं करतात, या समजुतीनं अनंतराव ओशाळले. आपण नुसते पोहे केलेत.)

अभिषेक वळणावर आला. समोर कुऱ्हाडी पाहून त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. सायकल जागच्या जागी थांबली. तो मात्र हँडलवरून उडून कुटारात, सासऱ्यांच्या बाजूला येऊन पडला.

थाळ्या थांबल्या.

"हा तं मानूस हाय," रामसिंग म्हणाला.

"मग मी काय सांगत होतो?" अनंतराव म्हणाले.

गाडी टेकडीवरच राहिली होती, म्हणून रामसिंगनंच दोघांना आणि सायकलींना आपल्या ऑटोत घालून घरी आणलं. बैठकीत पोहे गार झाले होते. अभिषेकनं सगळी हकिगत सांगितली, जोडीच्या वाक्यासकट. त्याचं कोपर सुजलं होतं. अनंतरावांच्या भुवयांतून अजून कुटार गळत होतं. शाल्मली खाली मान घालून बसली होती, आणि आता लग्न मोडलं म्हणून कुंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

देवरावांनी व्याह्यांना एकदा नखशिखांत न्याहाळलं. मग म्हणाले, "आमच्याकडून होकार. मुलीला विचारा."

शाल्मलीनं होकारार्थी मान डोलावली. कुंदाताई डोळे पुसून पोहे गरम करायला उठल्या. अनंतरावांनी देवरावांचे दोन्ही हात हातात घेतले. एवढं होऊनही या भल्या माणसानं आपल्यात काहीतरी पाहिलं होतं.

हातपाय धुवायला ते मागच्या नळावर गेले तर देवराव पाठोपाठ आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघ्यावर टाक्यांची लांबलचक खूण होती.

"हा दर रविवारी मला नेत होता," ते हळू आवाजात म्हणाले. "मी म्हातारा होत चाललो. कोणीतरी दुसरा मिळेल म्हणून वर्षभर स्थळं पाहून राहिलो. एकाही मुलीचा बाप सायकलीला हो म्हणत नव्हता. तुम्ही फोनवर 'मलाही आहे' म्हणालात, तेव्हाच मी मनातल्या मनात लग्न ठरवलं."